अंगठ्याखालची खाच

त्याला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेशी त्याचा संबंध नववीतच तुटला होता, पण समोरच्याला समजावून सांगायची खोड अशी, की साधी चावी करायला आलेला माणूस कुलपाच्या पोटात काय काय असतं ते ऐकल्याशिवाय सुटायचा नाही. "आत पाच पिना असतात. प्रत्येकीची उंची वेगळी. चावीचे दाते त्यांना बरोब्बर एका रेषेत आणतात, मग कुलूप फिरतं." गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायचं आणि मास्तर दुसरं कुलूप उघडायला घ्यायचा.

अकरा वर्षं त्याने एकाच दुकानात काम केलं. कुलपं, लॅच, तिजोऱ्या, गाडीच्या चाव्या, सगळं. दुकानाचा मालक म्हातारा, कानाने कमी, तोंडाने जास्त. मास्तरने स्वतःचं सुरू करायचं म्हणून नोकरी सोडली तेव्हा म्हातारा दोन दिवस बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी ओरडला, "जातोयस तर जा! पण तुझ्या जागी माणूस देऊन जा, नाहीतर मी काय माशा मारत बसू?"

मास्तरने माणूस दिला. स्वतःचा मेहुणा.

बायकोचा धाकटा भाऊ. चोवीस वर्षांचा, बोलायला गोड, कामाला बरा, पण आजवर कुठे टिकला नव्हता. आई गेल्यापासून बहिणीनेच वाढवलेला, राहायलाही त्यांच्याकडेच, बाहेरच्या खोलीत. मास्तरने त्याला सहा महिने घरीच शिकवलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, समोरासमोर बसायचं, मध्ये कुलपांचा ढीग.

"दाजी, एवढं सगळं लक्षात ठेवायचं?"

"डोक्यात नको ठेवूस. हातात ठेव."

तेव्हाच त्याने मेहुण्याला ती खाचही शिकवली. ही मास्तरची स्वतःची गोष्ट होती, दुकानातसुद्धा कुणाला ठाऊक नव्हती. त्याच्या आईला आता नीट दिसत नाही. दारासमोर उभी राहून ती चावी उलटी घालायची, सुलटी घालायची, मग चिडून दारच वाजवायची. म्हणून मास्तरने तिच्या चावीच्या डोक्यावर, सपाट बाजूला, अंगठा पडतो तिथेच, कानशीने एक बारीकशी खाच पाडली. अंगठ्याला खाच लागली की चावी सुलटी. नाही लागली तर फिरवायची. बस. आई त्या दिवशी पाच वेळा दार उघडून आत आली होती, नुसती गंमत म्हणून.

"खाच कुठे पाडायची?" मेहुण्याने विचारलं होतं.

"चावी कुलपात घालताना पकडतोस तशी पकड. अंगठा पडेल तिथे."

मेहुण्याने पकडली, बघितली, मान डोलावली. झालं.

मास्तरने जागा घेतली ती दातांच्या दवाखान्याच्या जिन्याखाली. जिन्याखाली म्हणजे खरंच खाली, उभं राहिलं की डोकं सातव्या पायरीला लागायचं. एक चावी कापायचं मशीन, भिंतीला कोऱ्या चाव्यांच्या माळा, एक स्टूल आणि रंगवलेली पाटी. वर ड्रिल सुरू झालं की खाली गिऱ्हाइकाच्या अंगावर काटा यायचा. मास्तर म्हणायचा, "घाबरू नका, ते वरचं मशीन आहे. माझं दुखत नाही."

बायकोशी ठरलं होतं तीन महिन्यांचं. तीन महिन्यांत जम बसला तर ठीक, नाहीतर मुकाट्याने म्हाताऱ्याच्या दुकानात परत. ती एका शाळेच्या ऑफिसात कामाला होती, स्पष्ट बोलणारी. "अहो, मी तुमचे पाय ओढत नाहीये. पण तीन म्हणजे तीन. मग चौथ्या महिन्यात मला पिनांच्या उंच्या सांगत बसायचं नाही."

तो हसला होता. तेव्हा त्याला सगळ्याचंच हसू येत होतं.

दुसऱ्याच आठवड्यात वृद्धाश्रमाचं काम समोर आलं. चौसष्ट खोल्या, सगळे लॅच बदलायचे, वर एक अशी चावी जी सगळीकडे लागेल, म्हणजे कुणी आत पडलं-झडलं तर दार फोडावं लागणार नाही. मास्तर दोन तास तिथे होता. मॅनेजर बाईंना त्याने पिनांचं सगळं सांगितलं आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी ऐकलं. खाचेचं मात्र बोलला नाही. ते काम मिळाल्यावर दाखवायचं ठरवलं. सगळ्या म्हाताऱ्यांना एका ओळीत बसवून सांगायचं, डोळे मिटा, आता अंगठा सांगेल ते ऐका. ते दृश्य त्याने येताना रस्त्यात तीन वेळा मनात करून बघितलं, आणि तिन्ही वेळा शेवटी टाळ्या पडल्या.

बाई म्हणाल्या होत्या, "काम आवडलं. पण चौसष्ट म्हाताऱ्या माणसांच्या दारांच्या चाव्या आहेत. तुम्हाला ओळखणारं कुणी?"

"अकरा वर्षं एका दुकानात होतो. त्यांना विचारा." त्याने दुकानाचा नंबर दिला. म्हातारा मोबाइल वापरत नव्हता, काउंटरवरचा काळा फोन तेवढा.

त्या संध्याकाळी जेवताना मास्तरच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. चौसष्ट! एकदम चौसष्ट! डोळे मिटा, आता अंगठा सांगेल ते ऐका, हेही त्याने सगळ्यांना करून दाखवलं. मग मेहुण्याला म्हणाला, "हे बघ, उद्या-परवा बाईंचा फोन येईल. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, तो काहीतरी भलतंच बोलायचा. तू उचल आणि रिसीव्हर नीट त्याच्या कानाला लाव. एवढं काम कर माझं."

"हे काय सांगणं झालं, दाजी?"

चार दिवसांनी मास्तर वृद्धाश्रमात गेला. बाई फायलीत बघत होत्या, वर बघितलंच नाही. "आम्ही चौकशी केली. यावेळी नको. पुढे बघू."

"बाई, काही चुकलं का माझं?"

"चौकशी केली म्हटलं ना."

पायऱ्या उतरताना त्याच्या डोक्यात तेवढंच होतं. चौकशी केली. म्हणजे म्हाताऱ्याने हात दाखवला. अकरा वर्षं! म्हाताऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस हाताला धरून यानेच दुकानात आणलं होतं. आणि एक फोन आला तर त्याला चार शब्द बरे बोलवले नाहीत.

घरी तो ताटाला हात न लावता बसला. मेहुणा पाणी घेऊन आला.

"तू उचललास ना फोन?"

"उचलला की. त्यांच्या कानाला लावला." मेहुणा त्याच्या शेजारी बसला, खांद्यावर हात ठेवला. "आत काय बोलले ते मी ऐकलं नाही, गिऱ्हाईक होतं. पण दाजी, म्हातारा तुमच्यावर जळतो. मला रोज दिसतं."

बायको ताटात वाढत होती. ती एवढंच म्हणाली, "जेवा आधी."

त्यानंतर सगळं हळूहळू आटत गेलं. हे त्याला आधी कळलंच नाही, कारण रोज थोडंथोडंच आटायचं. कुलूपवाल्याकडे माणूस नुसतं काम घेऊन येत नाही, आपलं घर घेऊन येतो. जवळच्या शाळेचा शिपाई दर महिन्याला यायचा, तो आला नाही. दवाखान्याच्या डॉक्टरांनी वरच्या कपाटाचं कुलूप दुसऱ्याकडून करून घेतलं, त्याच्याच डोक्यावर, सातव्या पायरीच्या वर! दोन महिने संपले. मास्तर आता गिऱ्हाइकाला काही समजावून सांगत नव्हता. मशीन सुरू, मशीन बंद, घ्या.

आणि रोज संध्याकाळी घरी म्हाताऱ्याच्या नावाने शिव्या. मेहुणा ऐकायचा, मान डोलवायचा, एखादी स्वतःची घालायचा.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, एक आजोबा काठी टेकत आले. वाकून जिन्याखाली बघितलं आणि काही न विचारता स्टुलावर बसले.

"चावी आहे. पण मी इथेच बसणार, तुझं होईपर्यंत."

"बसा की, आजोबा. पाच मिनिटांचं काम."

"पाच असो नाहीतर पन्नास. डोळ्यासमोर कर."

मास्तरने चावी हातात घेतली. नवी कोरी, लॅचची. डोक्यावर बारीक खाच.

त्याने अंगठा फिरवला. खाच खरीच होती, पण पलीकडच्या बाजूला.

"ही कुठली?"

"वृद्धाश्रमाची. दोन महिने झाले, नवे लॅच बसवले. बसवणाऱ्या पोराने आम्हाला सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि सांगितलं, डोळे मिटा, आता अंगठा सांगेल ते ऐका." आजोबा फिसकन हसले. "ऐकतोय बाबा दोन महिने. अंगठा सांगतो सुलटी आणि चावी जाते उलटी. सगळे तेच म्हणतात. आमच्या शेजारची बाई तर रडली, म्हणाली, आता मला चावीसुद्धा कळेना, माझं संपलं सगळं. चौसष्ट खोल्यांत प्रत्येकाला वाटतंय की आपलंच डोकं गेलं."

मास्तरने चावी उजेडाकडे धरली.

"मलाही तसंच वाटलं. पण मी शिंपी होतो, पंचेचाळीस वर्षं. एकदा माझ्याकडे एक कारागीर होता, त्याची कात्री कुणाला चालायची नाही. कापड चावायची. धार चांगली, पण हात वेगळा. काल रात्रभर झोप नव्हती, तेव्हा आठवलं." आजोबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली, चावी मागितली आणि डाव्या हाताने हवेत धरली. "हे बघ. अशी धरली की अंगठा बरोब्बर खाचेवर. ज्याने ही केली तो डावखुरा आहे."

वर ड्रिल सुरू झालं. मास्तरला ते कितीतरी वेळाने ऐकू आलं.

अंगठा पडेल तिथे. त्यानेच सांगितलं होतं. कुणाचा अंगठा, ते सांगायचं राहिलं. मेहुणा समोर बसून डाव्या हातात कानस धरायचा, हे सहा महिने रोज बघितलेलं. दिसत होतं म्हणूनच लक्षात आलं नाही. मेहुण्याने एकेक चावी स्वतःच्या हाताने तपासली असणार. चौसष्टच्या चौसष्ट.

"दुसऱ्या बाजूला एक पाडून दे," आजोबा म्हणाले. "आणि ती जुनी घासून टाक."

मास्तरने कानस उचलली. "आजोबा, दुकानातच का नाही गेलात?"

"गुडघे. दुकान लांब, तू जवळ. खरं तर त्यानेच तुझ्याबद्दल सांगून ठेवलंय."

"काय?"

आजोबा जरा घुटमळले. "की इथे एकजण बसतो, चांगला कारागीर आहे. फक्त चावी त्याच्याकडे ठेवू नका." मग काठीने जमिनीवर ठकठक केलं. "म्हणून तर बसलोय ना समोर. तू राग मानू नकोस."

मास्तरने खाच पाडली. पहिल्यांदाच नीट पडली नाही, परत घासावी लागली. आजोबांनी डोळे मिटून अंगठा ठेवला, फिरवला, परत ठेवला.

"आता कसं!" ते म्हणाले, आणि पैसे स्टुलावर ठेवून काठी टेकत निघाले.

त्याने शटर ओढलं आणि दुकानात गेला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. म्हातारा काउंटरमागे भिंगातून कुलूप बघत होता. मेहुणा मशीनवर होता, मास्तरला दारात बघून त्याने मशीन बंद केलं.

"आलास!" म्हातारा ओरडला. "तीन महिने फिरकला नाहीस! मी मेलो की जिवंत, बघायला तरी यायचं!"

मास्तर त्याच्या कानाशी वाकला. "वृद्धाश्रमातून फोन आला होता, माझ्याबद्दल विचारायला. तुम्ही काय सांगितलंत?"

"कुठला फोन?"

"काळा. हा."

"मला कुणी दिलाच नाही! आला असता तर सांगितलं असतं की हा निघून गेला आणि माझा उजवा हात गेला. वर म्हटलं असतं, बोलतो फार, काम देताना कानात बोळे घाला." म्हातारा हसला, मग हसू अर्ध्यावर थांबलं. त्याने मेहुण्याकडे बघितलं. परत मास्तरकडे. "ते काम तर आपण केलं. हा म्हणाला की त्यांनीच फोन करून दुकानाला दिलं."

म्हाताऱ्याने भिंग खाली ठेवलं.

"तू मला शिव्या दिल्या असशील," म्हातारा हळू म्हणाला. त्याला हळू बोलताना मास्तरने अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

"दिल्या."

"रोज?"

"रोज."

"दिल्यास ना? आता परत घे सगळ्या."

मेहुण्याने हात पुसायला फडकं घेतलं होतं, ते तो पिळत राहिला. "दाजी, ऐका ना. मालक म्हणाले होते की महिनाभरात मोठं काम आलं नाही तर मला ठेवता येणार नाही. फोन आला तेव्हा हे बाहेर गेले होते. बाईंनी विचारलं, कसा माणूस आहे? माझ्या तोंडून निघून गेलं, कारागीर चांगला आहे, फक्त चावी त्याच्याकडे ठेवू नका. लगेच त्या म्हणाल्या, मग तुमचं दुकान करेल का? मी हो म्हणालो."

"एकदा निघून गेलं. मग म्हाताऱ्यांच्या हॉलमध्ये परत निघालं. शाळेच्या शिपायापाशी निघालं. दवाखान्यात निघालं."

"एकदा बोलल्यावर ते तसंच ठेवावं लागलं."

"आणि माझ्या शेजारी बसून यांना शिव्या? तेही ठेवावं लागलं?"

मास्तरने खिशातून कोरी चावी काढून काउंटरवर ठेवली. "उजव्या हातात धर."

त्याने धरली.

"अंगठा कुठे पडला बघ. चौसष्ट माणसांना तू वेडं ठरवलंस."

मेहुण्याने चावी या हातातून त्या हातात घेतली, परत या हातात. आणि तेवढ्यापुरता त्याचा चेहरा खरोखर शिकणाऱ्याचा झाला. "अरे... हो की, दाजी," तो पुटपुटला. त्या ‘हो की’ने मास्तरला जेवढं लागलं तेवढं बाकी कशाने लागलं नव्हतं.

म्हाताऱ्याने रिसीव्हर उचलला होता. "मी बाईंना आत्ता सांगतो. त्या चाव्या तूच नीट कर, माझं दुकान त्यात नको." मग रिसीव्हर हाताने झाकून, "याचं काय करू? ठेवू का काढू?"

"दुकान तुमचं आहे," मास्तर म्हणाला आणि निघाला.

घरी आल्यावर त्याने हत्यारांची पेटी दारातच उघडली आणि स्वतःच्या दाराचा लॅच काढायला घेतला. समोरच्या काकू डोकावल्या. "बिघडला का हो?"

"नाही, काकू. चांगला आहे."

दोन वाजता बायको शाळेतून आली. दाराला भोक आणि नवरा उंबऱ्यावर, मांडीवर पिना. तिने विचारलं नाही काय झालं. हे त्याच्या आधी लक्षात आलं नाही. तो सांगत सुटला, आजोबा, खाच, डावा हात, फोन, सगळं. आणि सांगता सांगता तिच्याकडे बघितलं तर ती पर्सचा पट्टा धरून उभी होती, बातमी आधीच वाचलेल्या माणसासारखी.

त्याच्या हातातला चिमटा थांबला.

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. फोन आला त्याच संध्याकाळी. तुम्ही आंघोळीला गेला होतात. तो रडला माझ्यापुढे."

"दोन महिने."

"हो."

"मी म्हाताऱ्याला शिव्या देत होतो, तू वाढत होतीस."

"अहो, तुम्हाला कुणीही घेईल!" तिचा आवाज एकदम चढला. "तीन महिने झाले असते, तुम्ही परत गेला असता, म्हाताऱ्याने नाचत घेतलं असतं. तुमच्या हातात आहे. त्याच्या हातात काय आहे? त्याला कुठेच कुणी ठेवलं नाही आजवर. मला वाटलं, तुम्ही पडलात तरी उठाल. तो पडला तर—"

"म्हणजे मला येतं, म्हणून मला पाडायचं."

ती त्याला ओलांडून आत गेली.

त्याने पुढे काही विचारलं नाही. पिनांची जागा बदलली, लॅच परत बसवला, घरातल्या छोट्या मशीनवर चार चाव्या कापल्या. आईच्या चावीवर खाच, तिच्या अंगठ्याखाली. आपली साधी. बायकोची साधी. चौथी मशीनवर ठेवून दिली, मग उचलली आणि तिच्यावरही खाच पाडली, दुसऱ्या बाजूला, डाव्या अंगठ्याखाली. यावेळी अगदी बरोबर बाजूला. ते त्याला चुकीचं करताच येईना.

संध्याकाळ झाली. आई आत रेडिओ ऐकत होती. जिन्यात पावलं वाजली, ओळखीची, दोन दोन पायऱ्या चढणारी. आज मात्र एकेक. दारापाशी थांबली. कुलपात चावी शिरली, जुनी. शिरली पण फिरली नाही. बाहेर काढली. परत घातली. मग उलटी करून.

बायको दोन पावलं पुढे आली आणि थांबली. त्याच्याकडे बघत राहिली.

मास्तरने तिचा हात धरला, तळवा उघडला आणि चारही चाव्या त्यात ठेवल्या, स्वतःचीसुद्धा.

"कारागीर मी चांगला आहे," तो म्हणाला. "फक्त चावी माझ्याकडे ठेवू नका."

बाहेर चावी कुलपात खरवडत होती. तिने मूठ मिटली. बोटांतून एका चावीचं डोकं बाहेर राहिलं होतं, खाचेचं. कुठली ते दिसत नव्हतं.

"अगं, कोण आहे?" आतून आईने विचारलं. "कुणीतरी दार उघडा की त्याला. चावी उलटी घालत असेल."